भिवाची इटालियन शिकवणी

एका जंगलात भिवा नावाचं एक उदमांजर राहत होतं, आणि पुढं जे झालं ती सगळी चूक त्याचीच होती. त्यानं गुरुजींचं ऐकलं.

पोरांनो, नीट बसा. खाज आली तर खाजवा, मी काही म्हणणार नाही.

भिवाला कॉफीचं भारी वेड. इटलीत नेपल्स नावाच्या गावात एका कुरव नावाच्या समुद्रपक्षिणीचं कॉफीचं दुकान होतं. तिला गल्ल्याशेजारी उभा राहून गिऱ्हाइकांशी गप्पा मारणारा गडी हवा होता. भिवानं ठरवलं, तो गडी आपणच.

मग तो बगळेगुरुजींच्या वर्गात गेला. गुरुजी तीस वर्षं 'रोजच्या बोलण्यातलं इटालियन' शिकवत होते. तळ्यापलीकडं ते कधी गेले नव्हते. जायची गरजच काय, पुस्तक होतं ना.

पुस्तकात दोनशे वाक्प्रचार होते. एकेचाळिसावा होता 'बो'. म्हणजे 'कुणास ठाऊक'.

दर हिवाळ्याला तिकडून येणाऱ्या पाकोळीनं भिवाला हा 'बो' आधीच शिकवला होता. "आधी खांदे उडव. मग खालचा ओठ पुढं काढ. मग हात पसर. शब्द राहिला तरी चालतो रे!"

भिवानं वर्गात तसं करून दाखवलं. गुरुजींनी चोचीनं त्याच्या हातावर फटका मारला.

"मोठ्यांसमोर हातवारे? आईबापानं हेच शिकवलं का?"

"गुरुजी, तिकडं असंच बोलतात."

"तिकडचं मला सांगतोस? हाताची घडी घाल. ताठ उभा राहा. आता म्हण."

वर्षभर भिवानं हाताची घडी घालून दोनशे वाक्प्रचार पाठ केले. घरचे खूश. पोरगं वळणावर आलं म्हणाले.

एक दिवस कुरव स्वतः गडी निवडायला आली. पंचमंडळी शाल-नारळ घेऊन हजर. अध्यक्ष रानरेडा तासभर बोलला. कुरव जांभया देत होती.

शेवटी तिनं भिवाला विचारलं, "काय रे, आज पाऊस पडेल का?"

भिवानं आधी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी मान डोलावली. भिवा ताठ झाला, हाताची घडी घातली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बो."

कुरव त्याच्या हातांकडं पाहत राहिली. ते हललेच नाहीत.

"शब्द बरोबर आहे," ती म्हणाली. "पण बाबा, तू कॉफी देणारेस की श्रद्धांजली वाहणारेस? हात सोड आणि परत म्हण."

भिवाला सगळं येत होतं. खांदे आपोआप उचललेही गेले. हात सुटणार, एवढ्यात मागून गुरुजी खाकरले.

भिवानं घडी आणखी घट्ट केली. "बो."

कुरव उडून गेली. नारळसुद्धा घेतला नाही.

पंचमंडळींनी तीच शाल गुरुजींच्या गळ्यात घातली. "बाहेरचं माणूस समोर असून पोरगं शिस्त चुकलं नाही!" रानरेडा म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भिवाच्या आईनं डोळे पुसले. अभिमानानं.

तात्पर्य : मोठ्यांचं नेहमी ऐकावं. त्यांचा सत्कार होतो.

भिवाची नोकरी हुकली.