सरपणाच्या खोपीचं गाऱ्हाणं

"देवाक सांगतलंस तर सगळा सांग गो. अर्धा सांगलंस तर देव अर्धाच काम करतलो."

सासरे जाऊन बारा वर्षं झाली, पण त्यांचा हा शब्द चंद्रावती संकष्टीसारखा पाळायची. त्यामुळे मागल्या दारच्या खोलीचं काम फत्ते होणार, याची तिला पक्की खात्री होती!

भाड्याने दिलेल्या घराला तिने ही खोली चार वर्षांपूर्वी बिनपरवानगी जोडली होती. आता नोटीस आली होती: महिन्यात नियमात बसवा, नाहीतर पाडा. त्या खोलीत भाडेकरू क्लेमेंटिना टीचरची म्हातारी आई असायची. आईला कुठेच जावं लागणार नाही, असा शब्द चंद्रावती देऊन बसली होती.

म्हणून तिने कुडाळहून गुरुदास आर्किटेक्ट आणला. कामात वाघ! त्याने नकाशात खोलीची बघता बघता सरपणाची खोप केली आणि बजावलं, की साहेब तपासणीला आले की काकींनी तोंड उघडायचं नाही. खोटं बोलायचं नसल्यामुळे चंद्रावतीलाही गप्प राहणं सोयीचं वाटलं.

पण साहेबांशी गप्प राहायचं. देवाशी कसं राहणार?

तपासणीच्या दिवशी सकाळीच तिने भिकाजी गावकरांना देवाला गाऱ्हाणं घालायला बोलावलं आणि सगळं सांगितलं. भिकाजींचा आवाज असा, की किनाऱ्यावर बोलले तर होडीतला माणूस वळून बघेल. साहेब अकराला येणार होते. साडेनऊला घरापुढच्या खळ्यात तुळशीपुढे नारळ ठेवला. शेजारीपाजारी जमले. टीचरही क्रूस करून उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तुझ्या लेकरान परवानगी न घेता मागल्या दारी खोली बांधल्यान!"

"व्हय म्हाराजा!"

गुरुदास उन्हात विसरलेल्या बांगड्यासारखा वाळत चालला. त्याने भिकाजींना खुणा केल्या. भिकाजींचे डोळे मिटलेले.

"ह्या गुरुदासान नकाशार सरपणाची खोप दाखवल्यान. ता खोटा! थंय माणूस ऱ्हवता. साहेब येतलो, तेच्या मनात माया घाल!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी मागून एक जाडसर आवाज जास्तीचा आला. पण भिकाजी रंगात आले होते.

"आणि ह्यो गुरुदास हेच्यापुढे खोटो नकाशो काढूचो नाय, काढललो सुधारतलो!"

गाऱ्हाण्यात गप्प कोण राहणार? "व्हय म्हाराजा!" सगळे गरजले. सवयीने गुरुदासही.

मग सगळे वळले. मागे साहेब उभे होते. दीड तास आधी आलेले. चपला बाजूला काढलेल्या, फाईल काखेत, हात जोडलेले. सावंतवाडीचे निघाले! गाऱ्हाणं कानावर पडल्यावर त्यांचा तरी काय इलाज?

साहेब घसा खाकरून शुद्ध मराठीत आले. खोप बघायची म्हणाले. खोपीत फरशी होती, टीव्ही होता आणि पलंगावर बसलेल्या सरपणाने त्यांना चहा विचारला.

चंद्रावतीने गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, की चूक आपली. पोराला बोलू नका.

"माफी देवाकडे मागितलीत ना? ती तिथेच मिळेल," साहेब म्हणाले. "माझ्याकडे दंड भरा आणि खरा नकाशा द्या. मोरी हातभर पुढे आलीय, तेवढी तोडा. खोली नियमात बसते. खोप कशाला केलीत?"

म्हणजे खोली पहिल्यापासून बसत होती! सगळ्यांनी गुरुदासकडे पाहिलं.

"मोजूक नाय," तो पुटपुटला. "खोप केली की मोजूची गरज लागणा नाय."

दुपारपर्यंत त्याने निमूटपणे सगळं मोजून खरा नकाशा काढला. चंद्रावतीने पान वाढायला घेतलं, तर तो टेप आणि कोरे कागद स्कूटरला बांधत होता.

"खंय चललंस रे? जेव मगे."

"पिंगुळीक." त्याने ओसरीवर घोरणाऱ्या भिकाजींकडे पाहून आवाज खाली आणला. "थंय माझ्या नकाशातलो एक गोठो आसा, काकी. तेका एसी आसा."

आणि स्कूटर चालू न करताच तो ती कुंपणाच्या बेड्यापर्यंत ढकलत गेला.