विश्रामभाऊंचे खण

आमचे शेजारी विश्रामभाऊ लग्नाच्या जेवणाला स्वतःचं ताट घेऊन जातात. स्टीलचं, पाच खणांचं, कापडी पिशवीत घातलेलं. पंगतीत बसले की ताट बाहेर निघतं आणि वाढप्याला सूचना सुरू होतात, "खतखतां हंय. भात मधी. लोणच्याचो खण वेगळो." एकदा पार्से गावातल्या एका लग्नात वाढणाऱ्या मुलीने सोलकढी चुकून खतखत्याच्या, म्हणजे मिसळीच्या भाजीच्या, खणात ओतली. भाऊ उठले, ताट धुऊन आले आणि पहिल्यापासून जेवले. यजमानांना वाटलं, जेवण फारच आवडलं.

"खणात घातलां काय हालना," हे त्यांचं जगाबद्दलचं एकूण मत. वस्तू एकदा खणात गेली की हलत नाही. त्यांच्या परसात मिरची, अळू, वाली यांचे चौकोन आहेत. कुत्रंसुद्धा बलकांवातल्या, म्हणजे पुढच्या ओसरीतल्या, ठरावीक लाद्यांवर बसतं आणि पाय रेषेबाहेर गेला तर आपणच ओढून घेतं.

असा माणूस वेबसाइट बनवायला लागला तर कशा बनवणार? भाऊ शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे. पेडण्यात इंटरनेट नवीन होतं तेव्हा तालुक्यातल्या दुकानांच्या, लॉजच्या वेबसाइट त्यांनीच केल्या. पान मांडायची रीत एकच, टेबल. म्हणजे पानभर न दिसणारा तक्ता आखायचा. एका खणात फोटो, दुसऱ्यात मजकूर, तिसऱ्यात फोन नंबर. खण अपुरा पडला तर त्याच्या आत दुसरं टेबल. त्याच्या आत तिसरं.

"वैनी, ही माटोळीच," ते मला समजावायचे. आमच्याकडे चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची चौकट टांगतात आणि तिच्या चौकोनाचौकोनांत फळं, भाज्या, सुपारीचे घोस बांधतात, ती माटोळी. भाऊंची माटोळी गावात नावाजलेली. वेबसाइटही नावाजलेल्या होत्या, लोक मोठ्या कॉम्प्युटरवर बघत होते तोवर.

चोपडे गावी नदीकाठी आमच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी आहेत. त्यांची वेबसाइट भाऊंचीच. पण पाहुणे आता फोनवर बघतात. फोनवर आमचं पान मावत नव्हतं. बोट सरकवत गेलं की आधी नदी लागायची, मग केळी, मग मोकळं रान आणि खोल्यांचे दर पार राज्याबाहेर, आरोंद्याच्या हद्दीवर. कोल्हापूरच्या एका बाईंनी फोन करून विचारलं, "तुमच्याकडे खोल्या आहेत, की नुसती नदीच आहे?"

चवथीनंतर सीझन लागतो. त्याआधी पान सुधारलं नाही तर खोल्यांत आम्हीच झोपायचं. माझी सून श्वेता पणजीला हेच काम करते. ती म्हणाली, टेबलं काढू, स्टाइल शीट लावू. करून टाक म्हणणं सोपं होतं. पण बाकीची सगळी गिऱ्हाइकं भाऊंना सोडून गेली होती. टेबलावर उभी असलेली त्यांची शेवटची वेबसाइट आमची. म्हणून मी त्यांना चहाला बोलावलं आणि श्वेताला सांगितलं, आधी समजव.

"काका, पानात फक्त मजकूर आणि फोटो ठेवायचे. काय कुठे दिसायचं, ते वेगळं लिहायचं, स्टाइल शीटमध्ये. फोन लहान असेल तर खण आपोआप एकाखाली एक येतात."

"म्हणजे फळां जमनीर आनी खंय बांधूची ती चिठी वेगळी?"

"तसंच."

"आनी चिठी हरवली तर?"

"तर फळं जमिनीवर राहतील, काका. पण खाता येतील."

भाऊंनी बिस्कीट चहात बुडवलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. शेवटी म्हणाले, "ह्यां बरां आसा." मला हायसं वाटलं. तेवढ्यात श्वेता म्हणाली, "आणि वर उजवीकडे एक खण नुसताच रिकामा आहे, तो काढून टाकते."

"तो काडू नको."

"पण काका, त्यात काहीच नाहीये."

"म्हणानच," भाऊ म्हणाले. बिस्कीट कपातच सोडून उठले आणि घरी गेले.

आम्ही त्यांच्या जुन्या वेबसाइट उघडून बघितल्या. काजूवाल्याची, लॉजची. प्रत्येकीत वर उजवीकडे एक रिकामा खण. श्वेता म्हणाली, चूक असेल. मी म्हटलं, चूक इतकी शिस्तीत होत नाही.

चवथीच्या आदल्या संध्याकाळी मी विचारायलाच गेले. भाऊ स्टुलावर उभे राहून एकटेच माटोळी बांधत होते. चिबूड, नीरफणस, आंबाडे, सगळं जागच्या जागी. वर उजवीकडचा चौकोन रिकामा.

"हा पण?" मी विचारलं.

"ती सुमतीची रीत," ते सुंभाची गाठ मारत म्हणाले. सुमती त्यांची बायको. ती जाऊन बरीच वर्षं झाली. "म्हणायची, एक चौकोन सोडा. आयत्या वेळार कोण शेजारी फळ घेवन येयत, तेका जागा ना म्हणून परत धाडतलास?"

"आणि येतं कोण?"

"ती आसताना येयत. आता कोण येना. मी आपलो सोडतां."

मी घरी आले. श्वेताला सांगितलं, तो खण राहू दे, फोनवर कसा बसवायचा ते तू बघ. मग मागच्या झाडाचं एक तोरंजन, म्हणजे पपनस, तोडलं, चांगलं जड, आणि परत गेले.

"घ्या. बांधा."

भाऊंनी ते दोन्ही हातांत धरून बघितलं, देठ तपासला आणि रिकाम्या चौकोनात बांधलं. स्टुलावरून उतरले. "कशी दिसता?"

माझं तोंड फटकळ आहे, गावाला ठाऊक आहे. "उजवीकडे कललीय," मी म्हटलं. "तोरंजन जड झालं. चिबूड डावीकडे घ्या."

मला वाटलं, आता ऐकवणार, खणात घातलां काय हालना. पण ते स्टुलावर चढले, चिबडाची गाठ सोडली आणि तो डावीकडे नेला. मग त्याच्यासाठी नीरफणस हलवावा लागला आणि नीरफणसासाठी आंबाडे.

"आता?"

"अजून कललेलीच आहे."

"सुमतीपण असोच जीव खायची," भाऊ म्हणाले, आणि खुशीत चिबूड पुन्हा सोडायला घेतला.