आहेर सरांच्या साठ कुप्या

आहेर सरांनी लग्नासाठी मुलगी तीनदा पाहिली. ती पहिल्याच भेटीत पसंत पडली होती, पण एकदा आलेल्या निकालावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा बाणा. तिसऱ्या खेपेला सासरे म्हणे वैतागून म्हणाले की पोहे आवडत असतील तर डबा भरून देतो, पण काय ते एकदाचं सांगा. हे मला काकूंनीच, म्हणजे त्याच मुलीनं, सांगितलं, आणि सर शेजारी बसून गंभीरपणे मान डोलवत होते.

"पुन्हा लावून बघू," कुठलीही तपासणी झाली की हे सरांचं पालुपद. मी शिकून नाशिकहून सिन्नरच्या कंपनीत त्यांच्या हाताखाली लागले, तेव्हा पहिला महिनाभर हे एवढंच वाक्य ऐकलं. कलिंगडवाल्याला ते एकाच कलिंगडाच्या तीन बाजूंना फोडी मारायला लावत. तो बिचारा सर दिसले की गाडी पुढे ढकलायचा.

आमचं काम होतं अँटिबॉडी शोधायचं. म्हणजे विषाला नेमकं ओळखून धरून ठेवणारं प्रथिन. हजारो पेशी वाढवायच्या, प्रत्येकीनं काय तयार केलंय ते तपासायचं, आणि त्यातली एखादी कामाची निघते का पाहायचं. बहुतेक वेळा निघत नाही. सरांना हवी होती मण्यारीच्या विषावरची, आणि तीही माणसाच्या पेशीतून आलेली. त्या पेशींना ते 'पोरी' म्हणत. त्यांना वेळच्या वेळी खाणं लागतं, म्हणून सर रविवारीसुद्धा यायचे. एकदा मेव्हण्याच्या हळदीतून मला फोन केला होता, "पोरी जेवल्या का गं?" पलीकडे कुणीतरी विचारलं, किती मुली आहेत हो तुम्हाला? सर म्हणाले, सध्या नऊ लाख.

हसून हसून पुरेवाट व्हायची. पण माणसाच्याच पेशीतली कशाला, असं मी विचारलं तेव्हा ते हसले नाहीत. देवळ्याला त्यांची धाकटी बहीण कांद्याच्या चाळीपाशी जमिनीवर झोपली होती, तिला मण्यार चावली. दवाखान्यात वेळेत नेलं. औषधही होतं, घोड्याच्या रक्तापासून करतात ते. तेच तिच्या अंगावर उलटलं. "विषानं नाय गेली ती," सर म्हणाले, "औषधानं गेली." आणि लगेच प्लेट धुवायला उठले.

सरांनी हा शोध सुरू केल्याला अकरा वर्षं झाली होती, तेव्हा एक पोर सापडली. तपासणीच्या प्लेटमधला एकच खळगा पिवळाधमक झाला, म्हणजे तिथल्या प्रथिनानं विष धरलं होतं. सरांनी अर्थातच पुन्हा लावलं. तीनदा, पाचदा, नऊदा. नवव्यांदाही पिवळा झाल्यावर ते खुर्चीत बसले आणि चष्मा काढून नुसतं पुसत राहिले. मग आम्ही तिच्या आणि इतर पेशींच्या मिळून साठ कुप्या भरल्या. दुसऱ्या दिवशी त्या नायट्रोजनच्या टाकीत कायमच्या गोठवायच्या होत्या. स्पिरिटनंही न पुसलं जाणारं खास पेन वाळलं होतं, म्हणून मी साध्या पेनानं नंबर घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुंबईहून मोठे साहेब यायचे होते. सगळं चकाचक करा, असा हुकूम होता. माझा उत्साह काय सांगू! कुप्या रांगेतून बाहेर काढल्या, एकेक स्पिरिटनं पुसली, आणि हाताला येतील तशा परत लावल्या. शेवटची ठेवली तेव्हा पाहिलं, एकीवरही नंबर उरला नव्हता. साठच्या साठ कोऱ्या.

सर आले, त्यांनी रांगेकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या ओल्या बोळ्याकडे.

साहेबांनी विचारलं, हे कुणी केलं? मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "मी पुसल्या." आणि मी गप्प बसले. हे लिहितानाही माझी मला लाज वाटते. सगळ्या कुप्या पुन्हा वाढवून तपासायला सरांनी सहा महिने मागितले. साहेबांनी सहा दिवसही दिले नाहीत. मुळात त्यांना तो खर्च नकोच होता, त्यांना आयतं निमित्त मिळालं. पेशी फेकल्या गेल्या. सरांना कागदपत्रांच्या विभागात बसवलं आणि तिथूनच ते निवृत्त झाले.

पाच वर्षांनी, मागच्या महिन्यात, मी देवळ्याला त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा ठेवला. मी एका दमात सगळं बोलून टाकलं, की त्या दिवशी मी गप्प बसायला नको होतं.

"तू तेव्हा किती वर्षांची होतीस?"

"चोवीस."

"बहीण गेली तेव्हा तीबी चोवीसचीच होती," सर म्हणाले. "एका पोरीपायी दुसरीचं वाटोळं करू काय?"

मला रडू आवरेना. सरांनी मला रडू दिलं. मग बशी खाली ठेवून, माझ्याकडे न बघता विचारलं, "तिकडं कुणी करतंय का गं अजून? मण्यारीचं?"

हो म्हणावंसं फार वाटलं. पण त्या माणसाला खोटा निकाल कसा द्यायचा?

"नाही, सर."

ते "बरं" म्हणाले. भिंतीवर बहिणीचा फोटो होता. सरांनी खुर्ची थोडी वळवली आणि मी निघेपर्यंत त्या भिंतीकडे पाठ करून बसून राहिले.