पोहोचवायचं सामान

लेकीने काळ्या पिशवीची चेन उघडली. भरल्या मीटिंगमध्ये, साहेबांच्या पुढ्यात, पिशवीतून निघालं इस्त्रीचं टेबल.

"हे धरून म्हाताऱ्यांनी चालायचं?" साहेबांनी विचारलं.

आता काय सांगणार, कपाळ! सकाळच्या घाईत सारख्या दिसणाऱ्या दोन पिशव्यांतली नेमकी भलतीच उचलली होती. सहा महिने खपून बनवलेला वॉकर घरीच राहिला. लाल रंग, लाकडी मुठी, दवाखान्याची कळा अजिबात नाही. तरी बाबांनी त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. बाथरूममध्ये पडल्यापासून ते भिंत धरून चालत आणि दोन महिन्यांत त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. "लोक म्हातारा म्हणतील," हे एकच पालुपद. वय अवघं एक्क्याऐंशी!

"अर्धा तास देतो," साहेब म्हणाले. "नाहीतर हा विषय बंद."

बाबा फोन उचलेनात. तिने शेजारच्या काकूंना लावला.

"अगं, दाराला कुलूप आहे," काकू म्हणाल्या.

"कुलूप? आणि बाबा?"

"मला वाटलं, तुझ्याबरोबर आहेत!"

रस्ता, गाड्या, खड्डे, बाबांचं ते ठिसूळ हाड... नको नको ते डोळ्यांपुढे यायला लागलं. खड्ड्यात गेला वॉकर! ती जिन्यावरून धावत सुटली. मागोमाग साहेबही निघाले.

फाटकाशी वॉचमन कोणालातरी थोपवत होता. "आजोबा, बसा जरा."

"आजोबा कोणाला म्हणतोस? सामान पोहोचवायला आलोय!"

वॉकरच्या मुठी घट्ट धरून बाबा ताठ उभे होते. घामाघूम, पण ताठ.

"बाबा! चार चौक चालत आलात? पडला असतात तर?" तिला रडूच फुटलं.

"पडेन कसा? धरायला हे होतं की." बाबा चपापले. "म्हणजे... पिशवी उचलवेना, म्हणून उघडून ढकलत आणलं. तुझी नोकरी जायची पाळी आली असती, वेडे!"

"काका, वॉकर कसा वाटला?" साहेबांनी विचारलं.

"मला काय माहीत? वॉकर म्हाताऱ्यांना लागतो. पण सामान ठेवायला याला टोपली नाही, हे काही बरोबर नाही."

साहेबांनी मुकाट्याने वहीत लिहून घेतलं: टोपली.

तेव्हापासून लेक रोज घरी काहीतरी विसरते. कधी डबा, कधी चष्मा. आणि टोपलीवाला वॉकर घेऊन निघताना बाबा काकूंना ऐकवतात, "काय सांगू! एवढी शिकली, पण मी नसतो तर पोरीची नोकरी कधीच गेली असती."