स्वयंपाकघरात कोण राहतं?

"झोपायच्या खोलीपासून दोनशे तीन मीटर," मोजणीसाहेब टेप गुंडाळत म्हणाले. "डेटा सेंटर नियमात बसतंय."

काकूंच्या हातातला झारा हवेतच राहिला. राज्याचा नवा नियम त्यांना तोंडपाठ होता : राहत्या खोलीपासून दोनशे मीटरच्या आत डेटा सेंटर नको. हजारो कॉम्प्युटर, ते गार ठेवणारे पंखे, ट्रकएवढे जनरेटर, चोवीस तास घरघर! आणि स्वयंपाकघराची भिंत तर एकशे सत्त्याण्णववर होती.

"स्वयंपाकघर का नाही धरलं?"

"यजमानांनीच हरकतीच्या अर्जात लिहिलंय. राहत्या खोल्या दोन."

"अहो!"

काकूंचे यजमान, निवृत्त कंपाउंडर, पेपराआडून म्हणाले, "अगं, स्वयंपाकघरात कोण राहतं?"

"एकतीस वर्षं मी काय तिथे पाहुणी होते?"

"काकू, काम करणं म्हणजे राहणं नव्हे," साहेबांनी नियम वाचला. "कुणीतरी आरामात बसलेलं, आडवं झालेलं दिसायला हवं. उद्या पुन्हा बघतो."

हा नियम लिहिणाऱ्याने जन्मात भाजी परतली नसणार. पण काकूंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. "नुसतं बसायला ना? तयार माणूस आहे आमच्याकडे."

दुसऱ्या दिवशी कंपाउंडरांची आरामखुर्ची, उशी आणि पेपर सिलिंडरशेजारी गेले. तासाभरात कुकर कानात शिट्ट्या मारू लागला, तेल पेपरावर उडालं, मिरचीचा खकाणा नाकात गेला. साहेब दारात दिसताच कंपाउंडर डोळे पुसत ओरडले, "अहो, ही काय माणसाने राहायची जागा आहे?"

"घरमालकांचा जबाब," साहेबांनी लिहिलं, "खोली राहण्यालायक नाही." आणि ते शेजारच्या घरी मोजायला गेले.

काकूंनी गॅस बंद केला, हात पुसले, पेपर उचलला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या.

"अगं, जेवण?"

"जिथे माणसाने राहायचं नाही, तिथे मी तरी कशाला जाऊ?"

बारा वाजले. साडेबारा झाले. काकूंनी पान उलटलं. एकच्या ठोक्याला कंपाउंडर शेजारच्या घरी अनवाणी धावले.

"साहेब, खोडा ते! राहता येतं!"

"कोण राहतं?"

"मी!"

"महिनाभर रोज येईन. तुम्ही तिथेच बसलेले दिसायला हवेत."

कंपाउंडरांनी नव्या जबाबावर सही केली. परतले तेव्हा काकू पेपरातच होत्या.

"धरली खोली?"

"धरली."

"मग राहा जा. भूक लागली, तर हाताशी सगळं आहे."