बिराजदार सरांची मोकळी जागा

आमच्या कॉलनीतल्या बिराजदार सरांना फोटोसाठी माणसं उभी करायचं वेड आहे. फोटो काढायचं नाही, नुसतं उभी करायचं. सर रसायनशास्त्राचे मास्तर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, शाळा सुटली पण खोड काही सुटली नाही. सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं, की फोटोआधी हा माणूस सगळ्या कॉलनीला मूलद्रव्यांच्या तक्त्याप्रमाणे लावणार. ओळी वयाच्या. आणि ओळीत डावीकडे हातचं सहज देऊन टाकणारी माणसं, उजवीकडे दुसऱ्याचं ओढून घेणारी.

"तक्त्यात असंच असतंय की. डावीकडचा सोडियम इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो. उजवीकडं जाल तशी ओढायची ताकद वाढत जाते," असं म्हणत त्यांनी मला पार उजवीकडे नेऊन उभं केलं. "फ्लोरिन." म्हणजे सगळ्यात जास्त ओढणारं. सासूबाई आजही मला त्या नावानं हाक मारतात. माझ्या नवऱ्याला त्याच्याही पलीकडे, शेवटच्या रकान्यात टाकलं, निष्क्रिय वायूंच्या. हे वायू कशातच भाग घेत नाहीत. सरांचं तेवढं एकच मला पटलं.

कुणी आपणहून जागा बदलली की सर गुरकावणार, "रकाना चुकला तुमचा." रिक्षा गेटसमोर लागली, रकाना चुकला. कुणी कडक भाकरीवर शेंगाचटणीऐवजी सॉस घेतला, रकाना चुकला. लई डोक्यात जातो हा माणूस.

आणि सगळ्यात संताप आणणारी ती जागा. पोरांच्या ओळीत माझी मेघा आणि शेजारच्या बोल्लींची लावण्या, दोघी एका वयाच्या. त्या दोघींच्या मधे सर एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी सोडायचे. दरवर्षी. विचारलं तर म्हणणार, "ज्यानं तक्ता केला त्यानंबी जागा मोकळ्या सोडल्या होत्या. ती मूलद्रव्यं तेव्हा सापडलीच नव्हती. पण शेजारपाजारच्यांवरून ती कशी असणार, हे त्यानं आधीच सांगितलं." आता आमच्या कॉलनीत कुठलं मूलद्रव्य सापडायचं राहिलंय? भिंतीवरचे सगळे फोटो दात पडल्यासारखे दिसतात.

मेघाचं लग्न ठरलं तेव्हाच मी मनाशी पक्कं केलं, हळदीच्या फोटोत हे चालू द्यायचं नाही. पोरगी सासरी चालली. सगळ्या कॉलनीबरोबरचा तिचा हा शेवटचा फोटो, तो तरी धड यावा.

हळदीला सर आलेच, कडक इस्त्रीचा सदरा घालून. ओळी लावल्या, जागा सोडली. मी माझ्या भाचीला दंडाला धरून आणलं आणि त्या जागेत उभं केलं. सरांनी रकान्याचं नावसुद्धा काढलं नाही. "मग माझं राहू दे," एवढंच म्हणाले आणि मांडवाबाहेर जाऊन खुर्चीवर बसले.

बिराजदारकाकू माझ्याजवळ आल्या. "त्यांचं मनावर घेऊ नका," त्या म्हणाल्या. "मेघा श्रावणातली, लावण्या दिवाळीतली. आमची त्याच साली गणपतीत झाली होती. इकडं राहायला यायच्या आधी. दवाखान्यातून घरी आलीच न्हाई."

हळदीनं माखलेले हात तसेच घेऊन मी बाहेर गेले. सर मान खाली घालून बसले होते. इतकी वर्षं या माणसानं आमचं डोकं खाल्लं, आणि सांगण्यासारखं जे होतं, तेवढंच पोटात ठेवलं. मला त्यांचा राग आला. रडूही आलं.

"सर, चला," मी म्हटलं. "कशी असती हो ती?"

सरांनी लांबून दोघी पोरींकडे बघितलं. उत्तर शोधावं लागलं नाही त्यांना. "मेघापेक्षा जरा बुटकी. लावण्याइतकी हट्टी न्हाई. ओढून घेतलं असतं, पण मागितल्यावर परत दिलं असतं." मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "आज लई रडली असती."

भाचीला मी मागच्या ओळीत घेतलं. फोटो जागेसकट निघाला.

महिन्याभरानं अल्बम आला. फोटोवाल्यानं कंप्युटरवर सगळ्यांना सरकवून ती जागा बुजवून टाकली होती. अल्बम घेऊन मी तशीच रिक्षानं नव्या पेठेत त्याच्या दुकानात गेले.

"मॅडम, गॅप वाईट दिसत होती," तो म्हणाला. "तितं कोण यायचं राहिलं होतं का?"

"रकाना चुकला तुमचा," मी म्हटलं. "होती तेवढी जागा परत करून द्या."