चार वाजताचं फूल अडीच वाजता

साहेबांनी दहाची वेळ दिली होती. साहेबांची दहाची वेळ ही साहेबांसाठी नसते, वाट बघणाऱ्यांसाठी असते, हे तंकमणी टीचरला बावीस वर्षांच्या नोकरीनंतर तरी कळायला हवं होतं. पण बाई भाबडी. तिने सगळी बाग दहाच्या हिशोबाने सजवली.

बाग म्हणजे शाळेमागचा जमिनीचा तुकडा. एका टोकाला दहाचं फूल, म्हणजे चिनी गुलाब. दहाच्या उन्हाला डोळे उघडतं म्हणून मलबारात त्याचं नावच ते. दुसऱ्या टोकाला चारचं फूल, गुलबक्षी. मधे जास्वंद, गोकर्ण, लाजाळू. प्रत्येक झाडापाशी एक पोर उभं राहणार आणि आपल्या फुलाला नाव कसं पडलं ते सांगणार.

हे सगळं कशासाठी? तर चात्तुकुट्टी मुतलाळींसाठी. लाकडाच्या वखारीचे हे मालक शाळेला सिमेंटचं व्यासपीठ दान करणार होते, स्वतःच्या नावाच्या पाटीसकट. आणि ते नेमकं बागेवरच बांधायचं होतं. कारण बाग रस्त्यावरून दिसते, आणि न दिसणारं दान मुतलाळींच्या घराण्यात कुणी कधी केलं नव्हतं. आज शिक्षणखात्याचे साहेब बघून ठरवणार होते. बागेत पोरं काही शिकतात असा शेरा त्यांनी दिला, तर बाग राहणार. नाहीतर सोमवारी कुदळी.

दहा वाजले. चिनी गुलाब वेळेवर उमलले. अकरा वाजले. साहेब नव्हते. साडेबाराला कुंजिकण्णन माष, म्हणजे हेडमास्तर, फोन हातात धरून धावत आले.

"टीचर, साहेब अडीचला येतायत!"

"अडीचला काय बघणार ते? दहावाली फुलं तोवर मिटत आलेली असतील आणि चारवाली उमललेली नसतील. पोरं काय मुक्या कळ्यांच्या गोष्टी सांगणार?"

"मग चारला या असं सांगू का?" असं म्हणता म्हणता माष स्वतःच घाबरले. "नको. साहेबांना वेळ आपण कशी सांगायची?"

"फुलांना सांगता येते का मग?"

"येते की," कुणीतरी म्हणालं.

गुलबक्षीपाशी शहरबान उभी होती. तिसरीतली. मासे विकणारा बीरानक्का हा तिचा बाप. "टीचर, तिला घड्याळ कुठे कळतं? गारवा आला, अंधारून आलं की तिला वाटतं चार वाजले. त्या दिवशी आभाळ आलं होतं तेव्हा जेवणाच्या सुट्टीतच उमलली होती. आपण फसवू तिला."

टीचरला सरकारी माणसाच्या सोयीसाठी फुलाला फसवणं बिलकूल पटत नव्हतं. पण कुदळी त्याहून कमी पटत होत्या. तिने माषांच्या घरून सुपारी वाळवायची जाड ताडपत्री मागवली आणि बांबूंवर टाकून गुलबक्षीवर काळोख केला. आता गारवा. गावात बर्फ कुणाकडे? एकाच माणसाकडे.

बीरानक्का स्कूटर घेऊन फाटकातून आत आला, मागे बर्फ घातलेला माशांचा खोका. "टीचर, घ्या हवा तेवढा. आज तारलीचा नुसता पूर आलाय, निम्मी विकून झाली."

पोरांनी घमेली भरभरून बर्फ नेला आणि झाडांच्या मधे मधे ठेवला. उत्साहाच्या भरात दोघांनी तो झाडांवरही शिंपडला. दोन वाजून वीस मिनिटांनी टीचरने ताडपत्रीचं टोक उचलून बघितलं. कळ्या सैल पडल्या होत्या. एक फूल उमललं, मग चार, मग अख्खी रांग. टीचरला आनंदाने ओरडावंसं वाटलं. तिने ओरडायला तोंड उघडून श्वास घेतला आणि तसंच मिटलं.

बाग तारलीने घमघमत होती.

"ताडपत्री काढा! पाणी मारा! पळा!" पोरांनी पाणी मारलं. वास धुवून जाण्याऐवजी सगळ्या बागेत पसरला. कुंपणावर एक मांजर येऊन बसलं. मग दुसरं. मग तिसरं, पिल्लांना घेऊन. नारळावर कावळ्यांची सभा भरली. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच एक साहेब दिलेल्या वेळेला आला.

जीपमधून साहेब उतरले, पाठोपाठ मुतलाळी. दहावाली फुलं मिटायला लागली होती, तरी त्यांच्या पोराने नेटाने गोष्ट सांगितली. लाजाळूवाली पोरगी लाजाळूहून लाजाळू निघाली. साहेबांना बघताच मान खाली घालून गप्प झाली. साहेब पुढे सरकले आणि त्यांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला.

"हे काय आहे?"

"मी म्हटलं नव्हतं, साहेब?" मुतलाळी खुलले. "ही बाग आहे का मासळीबाजार? एकदा सिमेंट पडलं की कसला वास नाही, काही नाही."

माष टीचरकडे बघू लागले. टीचर घमेल्याकडे. खरं सांगावं, तर फुलांना फसवलं असं कबूल करावं लागणार. तिने पदर खोचला. सांगूनच टाकायचं, होऊन जाऊ दे काय व्हायचं ते.

"हिचाच वास आहे, साहेब," शहरबान म्हणाली. "चारच्या फुलाचा."

"गुलबक्षीला माशाचा वास?"

"ती आधी मुलगी होती ना! तिचा बाप समुद्रावर जायचा. दिवसभर ही रुसून तोंड लपवून बसायची. कुणी हाक मारली तरी बघायची नाही. चारला होडी आली की मात्र नटून किनाऱ्यावर पळायची. बाप माशांच्या तसल्याच हातांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा. सगळ्या बायका हसायच्या, शी, मासळीचा वास येतो म्हणून. मग ती म्हणाली, येऊ दे. माझ्या बापाचा वास आहे. आणि ती फूल झाली, म्हणजे कुणी आंघोळ घालायला नको."

साहेबांचा रुमाल खिशाच्या तोंडाशीच थांबला. "पण मी रोज बघतो हे फूल. वास कधी आला नाही."

"रोज नाही येत. ज्या दिवशी होडीत खूप मासे असतात त्याच दिवशी येतो."

"आज आहेत?"

"आज तारलीचा पूर आलाय, साहेब. माझ्या बापाला विचारा हवं तर."

बीरानक्काने फाटकापाशी मान हलवली. पोरगी त्याचीच. तो दुसरीकडे बघत डोळे पुसत होता.

"आणि चारच्या ऐवजी अडीचलाच का उमललं?"

"खूप मासे मिळाले की होडी लवकर परत येते ना," शहरबान म्हणाली. एवढं साधं साहेबांना कळू नये याचं तिला नवल वाटलं.

साहेब गुडघ्यावर बसले. त्या माणसाने फुलाला नाक लावलं, डोळे मिटले आणि बराच वेळ उठला नाही. उठला तेव्हा म्हणाला, "माझा आजा कोयिलांडीला होडीवर होता." मग त्याने जीपच्या टपावरच वही ठेवून शेरा लिहिला. बागेला हात लावायचा नाही.

पोरांनी एवढा गलका केला की कावळे उडाले. माष टीचरच्या हातात हात देता देता ओशाळले आणि त्यांनी बीरानक्काचा हात धरला.

मुतलाळींच्या चेहऱ्यावर दोन क्षण काहीच नव्हतं. मग तिथे जे उगवलं ते बघून टीचरचं रक्त उकळलं. मुतलाळी गहिवरल्यासारखे हसत होते.

"साहेब, ही गोष्ट ऐकून ऊर भरून आला बघा. आमच्या घरचीच ही. माझी पणजी सांगायची, शब्द न् शब्द अशीच! गावभर तिनेच पसरवली. मी म्हणतो, बागेत पणजीच्या नावाचा संगमरवरी फलक लावू या. खर्च माझा."

"वा," साहेब म्हणाले. "लोककथा अशाच टिकतात."

टीचर ओठ चावून उभी होती. बाग वाचली होती. गप्प बसण्यात शहाणपण होतं, आणि शहाणपणाचा तिला मनापासून कंटाळा आला होता. तेवढ्यात शहरबानने तिच्या पदराला हिसका दिला.

"टीचर, ही गोष्ट तर मी आत्ता केली."

"माहीत आहे मला."

"मग मी मुतलाळींची पणजी झाले का?"

टीचरने तिच्याकडे बघितलं. मग मुतलाळींकडे.

"झालीस की."

"मग ते माझ्या पाया का पडत नाहीत?"

तंकमणी टीचरने घसा साफ केला आणि बागेच्या शेवटच्या कावळ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "मुतलाळी, जरा इकडे या बरं. तुमच्या पणजीचं काम आहे तुमच्याकडे!"